आयाळ गळालेली घोडी

वसुबारसेला आमच्या घरी दोन गोष्टी हटकून होतात. एक म्हणजे बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी, आणि दुसरी म्हणजे गाय शोधण्याची धावपळ. पुण्यासारख्या शहरात हल्ली पूजेपुरती गाय मिळणे मोठे कठीण झाले आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी गाय-वासरू घेऊन उभी राहिली होती आणि तिच्याभोवती निदान वीस ताटे जमली होती. प्रत्येक ताटात भाकरीचा तुकडा, गूळ आणि गवारीची भाजी. गाईने पहिल्या चार ताटांचा समाचार घेतला, पाचवे नुसते हुंगले आणि सरळ मान वळवून म्हातारीच्या काखेतल्या हिरव्या पेंढीला तोंड लावले.

माझी नात म्हणाली, “आजोबा, तिला ते गवत हवंय. मग आपण तिला भाजी का देतो?”

प्रश्न बिनतोड होता. पण त्यातला एक शब्द चुकला होता. त्या पेंढीत गवत नव्हते. ती लसूणघासाची पेंढी होती. घास हा नुसता नावाचा घास. गवताशी त्याचे काही नाते नाही. तो आपल्या तूर, मूग, हरभऱ्याच्या गोतातला. आणि गंमत अशी की, ताटातली गवारही त्याच गोतातली! कोरड्या मुलखात गवार आजही जनावरांची वैरण म्हणून पेरतात. म्हणजे गाईच्या दृष्टीने ताटातला आणि काखेतला माल एकाच घराण्यातला. फक्त आम्ही त्याला तिखटमीठ लावून बिघडवून ठेवला होता.

या घराण्याची हकीकत आज सांगायची आहे. कारण ज्या दुधाचा चहा घेत तुम्ही हा अंक चाळत असाल, ते दूध कसे उतरते याचे अर्धे उत्तर या पाल्यापाचोळ्यात आहे. शिवाय या हकीकतीत माझ्या मामांची एक घोडी आहे, आणि तिचा मला विसर पडत नाही.

प्रथम गाईच्या जेवणाविषयी दोन शब्द. आपल्याकडे उन्हाळ्यात बहुतेक जनावरांच्या दावणीत काय असते? ज्वारीचा कडबा, नाहीतर भाताचा पेंढा. कडब्यात प्रथिने किती, तर शेकडा तीन ते पाच. पेंढ्यातही साधारण तेवढीच. आता कोणी म्हणेल की गाय पोटभर खाते आहे ना, मग चिंता कसली? पण खरी मेख तिथेच आहे. गाय कडबा खाते हे खरे. कडबा पचवते मात्र दुसरेच कोणीतरी.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. गुरांचे डॉक्टर त्याला कोठीपोट म्हणतात आणि ते नाव अगदी यथार्थ आहे. मोठ्या गाईची ही कोठी शंभर लिटरच्या पुढे माल सामावून घेते. आत अंधार, ऊब, ओल, आणि हवेचा जवळजवळ अभाव. या कोठीत अब्जावधी सूक्ष्मजंतू नांदत असतात. गृहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण टाकून झाकून ठेवले की सकाळी दह्याचे भांडे तयार, ते काम ज्या जातीच्या जिवांचे, त्यांचीच ही दूरची भावंडे. गाय म्हणजे चार पायांवर हिंडणारे विरजणाचे भांडे होय! गवताच्या काड्या पचवण्याची विद्या गाईला स्वतःला येत नाही. ती या जंतूंना येते. ते काड्या कुजवतात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते, आणि पुढे हे जंतूही कोठीतून वाहत खालच्या पोटात जातात, तिथे गाय त्यांनाच पचवते. आपल्या गोमातेच्या प्रथिनांचा मोठा वाटा असा जंतुभक्षणातून येतो, हे ऐकून आमच्या शेजारच्या आजींना बराच वेळ करमले नाही.

पण या जंतूंनाही वाढायला नत्र लागतो. खाल्लेल्या वैरणीत प्रथिने शेकडा सातच्या खाली गेली, की जंतूंची उपासमार सुरू होते. जंतू मंदावले की काड्या कुजत नाहीत, कोठी रिकामी होत नाही, आणि कोठी भरलेली असल्यामुळे गाय आणखी खात नाही. म्हणजे पोट तुडुंब, पुढ्यात कडब्याचा ढीग, आणि गाय उपाशी! उष्ण कटिबंधातल्या गवतांची ही रड सगळीकडे सारखी. पावसाळ्यात ती भराभर वाढतात आणि पाऊस सरला की तितक्याच भराभर काष्ठ होतात. दिवाळीनंतर डोंगरावरचे पिवळे गवत डोळ्यांना सुंदर दिसते. गाईच्या हिशेबी ते नुसते भुसकट असते.

अशा वेळी द्विदल घराण्याची आठवण होते. या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जंतू हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. म्हणून या झाडांच्या पानांत प्रथिने भरपूर. आमच्या मुलखाला हे नवे नव्हते. पानमळ्यात वेल चढवायला शेवरी, हादगा, पांगारा लावीत आणि त्यांचा पाला शेळ्यांना जाई. मळ्यातल्या पाटाच्या कडेला दशरथ घास असे. कुंपणावरची गोकर्ण जनावरे चवीने खात. लसूणघास तर सर्वांचा राजा, पण राजाला पाणी लागते, आणि पाणी नसेल तिथे तो येत नाही. पाणी नसेल तिथेच तर गाय उपाशी असते.

* * *

माझे मामा भीमेच्या काठच्या एका गावात शेती करीत. नदी जवळ, पण शेत माळावर. १९७२ च्या दुष्काळात त्यांची एक बैलजोडी गेली. पाण्यावाचून नव्हे, पाणी मैलावरून आणता येई. वैरण संपली. शेवटी शेवटी मामा घराच्या आढ्याचे जुने पाचट काढून बैलांना घालीत. त्यातला डावा बैल बसला तो उठला नाही, आणि उजवा त्यांनी बाजारात नेला. कोणाला विकला ते त्यांनी घरी कधी सांगितले नाही आणि मामींनी कधी विचारले नाही.

त्यामुळे पुढे काही वर्षांनी, “माळावर येणारं, उन्हाळ्यातही हिरवं राहणारं, पेंडीच्या तोडीचा पाला देणारं झाड आलंय,” अशी बातमी पुण्याकडून आली तेव्हा मामा पहिल्या एस. टी.ने उरुळीकांचनला गेले, यात नवल नाही.

उरुळीकांचन म्हटले की जुन्या वाचकांना महात्मा गांधींनी १९४६ साली तिथे सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आठवेल. गांधीजींनी तो आश्रम ज्यांच्या हाती सोपवला त्या मणिभाई देसाई यांनी पुढे १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. गावठी गाईंपासून संकरित, जास्त दुधाच्या गाई तयार करणे हे तिचे मोठे काम. आता जास्त दुधाची गाय म्हणजे जास्त खाणारी गाय. तिला कडब्यावर ठेवणे म्हणजे पैलवानाला नुसत्या पेजेवर ठेवण्यासारखे. या गरजेतून हवाईतल्या एका उंच जातीच्या झाडाचे बी सत्तरच्या दशकात या संस्थेमार्फत इकडे आले आणि गावोगाव गेले. हवाई विद्यापीठातले जेम्स ब्रूबेकर यांनी या उंच जाती निवडल्या होत्या. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच सुमारास आमच्याकडे या झाडाचा नुसता धडाका उडाला होता. त्याचे नाव सुबाभूळ. काटे नाहीत, म्हणून बाभळीच्या आधी ‘सु’.

सुबाभळीची पाने चिंचेच्या पानांसारखी नाजूक, फुले पांढऱ्या गोंड्यांची, शेंगा चपट्या, तपकिरी, झुपक्याझुपक्याने लोंबणाऱ्या. वाळवलेल्या पाल्यात प्रथिने शेकडा वीस ते पंचवीस, म्हणजे जवळजवळ तूरडाळीइतकी. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीनही भरपूर. फिलिपीन्समध्ये या पाल्याची पूड कोंबड्यांच्या खाद्यात थोडी थोडी मिसळीत, ती अंड्याचा बलक चांगला पिवळाधमक व्हावा म्हणून. शिवाय मुळे खोल जातात, म्हणून वैशाखातही झाड हिरवे. छाटले की फुटते, पुन्हा छाटले की पुन्हा फुटते.

मामांनी माळाच्या बांधावर सुबाभळीची दुहेरी रांग लावली. दुसऱ्या वर्षी छातीइतकी, तिसऱ्या वर्षी घराइतकी! १९८३ च्या मे महिन्यात, माझी दहावीची परीक्षा आटोपून मी आजोळी गेलो, तेव्हा आजूबाजूचा मुलूख तांबडाभडक आणि मामांचा बांध हिरवागार असा देखावा होता. मामा रोज पहाटे कोयता घेऊन जात आणि भारा घेऊन येत. चार शेळ्या, एक म्हैस आणि टांग्याची घोडी, सगळ्यांना सारखा वाटा. कोणाला कमी-जास्त दिलेले त्यांना खपत नसे. बहात्तर साल त्यांच्या मनातून गेले नव्हते. जनावर जेवढे खाईल तेवढे ते घालीत, आणि ते खाताना पाहत उभे राहत.

घोडी अबलख होती, आणि तिची आयाळ हे मामांचे मोठे भूषण. सकाळी टांगा जुंपण्यापूर्वी ते स्वतः तिला खरारा करीत. मी पोहोचल्यावर तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी खराऱ्यात केसांचा पुंजका आला. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मोठा पुंजका. आठवडाभरात मानेवरची आयाळ विरळ होऊन खाली कातडी दिसू लागली, आणि शेपटीचा तर नुसता दांडा राहिला. घोडी खात होती, पीत होती, पण सुस्त झाली होती. मामींनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेजाऱ्यांपैकी एकाने खरुजेचे तेल दिले. दुसऱ्याने हलक्या आवाजात, “दादा, कोणी काही करणी केली नसेल ना?” असे विचारले, तेव्हा मामांनी त्याला पायरीही चढू दिली नाही. पण रात्री मी पाहिले, ते कंदील घेऊन गोठ्यात बसून होते. बैल बसला होता तेव्हाही ते असेच बसले होते, असे मामी म्हणाल्या.

शेवटी तालुक्याचे गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी घोडीकडे पाहिले, दावणीकडे पाहिले, आणि एकच प्रश्न विचारला, “हिला सुबाभूळ कधीपासून घालताय?”

“पाडव्यापासून,” मामा म्हणाले. “काय, घालायची नव्हती?”

“शेळ्यांना घाला, म्हशीलाही बेताने घाला. घोडीला मात्र आजपासून काडीसुद्धा नको. केस परत येतील.”

मामांचा चेहरा मला आजही दिसतो. करणी असती तर त्यांनी ती सोसली असती. पण आपणच, आपल्या हाताने, प्रेमाने भारे आणून हिला हे खाऊ घातले, हे त्यांना सोसेना. “पण मग शेळ्यांना कसं काही होत नाही?” त्यांनी विचारले.

डॉक्टरांनी त्या दिवशी जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. पुरते उत्तर त्या वेळी जगातच तयार होत होते.

* * *

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसीन नावाचे एक द्रव्य असते. प्रथिनांच्या घटकांसारखेच त्याचे रूप, पण प्रथिने बांधायला ते निरुपयोगी. शरीरात जिथे पेशी भराभर दुभंगून वाढत असतात तिथे ते वाढ थोपवते, आणि केसांच्या मुळांइतकी वाढीची घाई दुसरीकडे क्वचितच असते. म्हणून केस गळतात. घोड्याला कोठीपोट नाही. त्याचे जंतू आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, मोठ्या पिशवीत असतात. तिथे पोहोचण्यापूर्वीच मिमोसीन रक्तात उतरते. शेळीच्या किंवा म्हशीच्या कोठीत मात्र अन्न प्रथम जंतूंच्या हाती लागते, आणि ते मिमोसीन मोडून टाकतात.

हे कळल्यावर काही हुशार माणसांच्या मनात वेगळाच विचार आला. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधनसंस्थेत १९६४ च्या सुमारास असे आढळले की मेंढ्यांना एकदम भरपूर सुबाभूळ दिली तर कोठीतले जंतू पुरे पडत नाहीत आणि अंगावरची लोकर गळून पडते. तेव्हा कात्री न लावता लोकर उतरवायला हे औषध चालेल काय, याचेही प्रयोग झाले! माणूस विषातही व्यापार शोधतो तो असा.

खरे कोडे पुढेच होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडल्या क्वीन्सलँड प्रांतात गोमांसासाठी गाईबैलांचे मोठे कळप पाळतात. तिथे सुबाभळीची कुरणे लावली. कागदावर सगळे उत्तम. पचणारा पाला, भरपूर प्रथिने. शिवाय ओल्या लसूणघासाने जनावर फुगते तसे या पाल्याने फुगत नाही, कारण त्यातले टॅनिन पोटात फेस धरू देत नाही. पण काही महिन्यांत जनावरे लाळ गाळू लागली, वजन वाढेना, शेपटीचा गोंडा झडला, आणि गळा सुजला. गाईंना गलगंड! संशोधनात असे दिसले की, तिथल्या गाईंच्या कोठीतले जंतू मिमोसीन मोडतात खरे, पण अर्धवट. मोडल्यावर जे दुसरे द्रव्य उरते ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम बंद पाडते. थोडक्यात, घोडीचे संकट टळले आणि गाईच्या वाट्याला दुसरे आले. सुबाभूळ एकूण वैरणीच्या शेकडा तीसच्या वर घालू नये, असा सल्ला त्यातूनच रूढ झाला.

रेमंड जोन्स नावाचे एक शास्त्रज्ञ तिथे या कुरणांवर काम करीत होते. हवाई बेटांवर त्यांनी पाहिले की तिथल्या शेळ्या नुसत्या सुबाभळीवर जगतात आणि त्यांचे काही म्हणजे काही बिघडत नाही. झाड तेच, पाला तोच, मिमोसीन तेवढेच. आणि शेळ्या ऑस्ट्रेलियातही होत्या, त्यांना मात्र बाधत होते! दुसरा एखादा “हवामानाचा फरक असेल” म्हणून मोकळा झाला असता. जोन्स यांनी १९८१ मध्ये तर्क मांडला की फरक झाडात नाही, जनावरातही नाही. फरक विरजणात आहे. हवाईच्या शेळ्यांच्या कोठीत असा एखादा जंतू असला पाहिजे की जो त्या दुसऱ्या विषाचाही फडशा पाडतो. ऑस्ट्रेलियातल्या कोठीत तो कधी पोहोचलाच नाही.

मग हे विरजण आणायचे ठरले. आधी इंडोनेशियातल्या एका शेळीच्या पोटातला रस घेऊन ऑस्ट्रेलियातल्या शेळ्यांच्या कोठीत घातला गेला. शेळ्या सुधारल्या! पुढे हवाईच्या शेळ्यांकडून आणलेल्या जंतूंनी ऑस्ट्रेलियातल्या गुरांचेही दुखणे थांबवले, आणि त्याचा वृत्तान्त १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे कळपातल्या मोजक्या जनावरांना हे विरजण पाजले की पुरे. एकत्र चरताचरता ते बाकीच्यांत आपोआप पसरते. पुढे क्वीन्सलँड सरकार मोठ्या भांड्यांत हा रस वाढवून पशुपालकांना पुरवू लागले. आपल्याकडे शेजारणी एकमेकींकडून विरजण मागून नेतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे मधे एक महासागर होता.

त्या जंतूला १९९२ मध्ये नाव मिळाले, सिनर्जिस्टिस जोन्सिआय. जोन्स यांच्या नावावरून. मोठा विचित्र प्राणी आहे. हवा लागली की मरतो, आणि जंतूंना प्रिय असणाऱ्या साखरेला तोंड लावत नाही. प्रथिनांचे एक-दोन घटक आणि हे सुबाभळीतले विष, एवढाच त्याचा आहार. नको त्या गोष्टीवर जगणाऱ्या अशा जिवाची जनावराला केवढी गरज असते!

अलीकडच्या संशोधनाने या गोष्टीला थोडी मुरड घातली आहे, तीही सांगितली पाहिजे. हा जंतू बऱ्याच देशांतल्या जनावरांत थोड्याफार संख्येने आढळतो, असे आता दिसून आले आहे. शिवाय जनावराचे यकृतही स्वस्थ बसत नाही. ते या विषाला दुसऱ्या द्रव्याशी जखडून लघवीवाटे बाहेर काढते. म्हणून पाला हळूहळू वाढवीत नेला तर पुष्कळ जनावरे विरजण न पाजताही सावरतात. म्हणजे मामांच्या म्हशीला “बेताने घाला” म्हणणारे ते डॉक्टर बरोबर होते.

* * *

या झाडाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. मूळ घर मेक्सिको. तिथे माणसेही याच्या कोवळ्या शेंगा खातात, आणि तिथल्या वाहाका या प्रांताचे नावच या झाडावरून पडले आहे. स्पॅनिश लोकांची जहाजे मेक्सिकोहून मनिलाला जात, त्यांतून ते फिलिपीन्सला आले आणि तिथून आशियाभर पांगले. फिलिपीन्समध्ये त्याला इपिल-इपिल म्हणतात. हवाईत त्याचे नाव ‘कोआ हाओले’, म्हणजे परका कोआ. त्या नावातला परकेपणा अगदीच चुकीचा नव्हता. ज्या जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जिवांची यादी निसर्गरक्षणवाल्यांनी केली आहे, तीत सुबाभळीचा समावेश आहे. बी इतके धरते आणि रुजते की नको तिथे रान माजवते.

सुबाभळीची भरभराटही एकाएकी ओसरली. १९८४ मध्ये हवाईत मोहरीएवढी एक उडी मारणारी कीड दिसली. ती कोवळ्या शेंड्यांतला रस शोषते. पाहता पाहता ती पॅसिफिक ओलांडून फिलिपीन्स, इंडोनेशियात पोहोचली आणि तिथली लक्षावधी झाडे निष्पर्ण झाली. १९८८ मध्ये ती भारतात आली. मामांच्या बांधावरच्या झाडांचे शेंडेही करपल्यासारखे झाले होते, ते मी पाहिले आहे. पुढे कीड आटोक्यात आली, झाडे पुन्हा फुटली, पण “चमत्कारी झाड” असे म्हणणारे लोक तोवर दुसऱ्या चमत्काराकडे वळले होते. मला स्वतःला चमत्काराची झाडे आवडत नाहीत. अशा झाडाचे कौतुक करणारा माणूस दावणीत पुढे काय होते ते पाहायला थांबत नाही.

पाल्याचे गुण कागदावरच्या प्रथिनांच्या आकड्यावरून ठरवता येत नाहीत, हे या घराण्यात पदोपदी दिसते. पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना फाल्गुनात गुलाबी फुलांनी लहडलेले गिरिपुष्प परिचयाचे असेल. तेही मध्य अमेरिकेतले, तेही द्विदल, पाल्यात प्रथिने सुबाभळीच्याच बरोबरीची. पण त्याचे दुसरे मराठी नाव उंदीरमारी! त्याच्या सालीचे आणि बियांचे विष उंदरांना घालीत. घोड्याला तेही बाधते. गाईशेळ्यांना चालते, पण त्याच्या वासाने त्या आधी तोंड फिरवतात. पाला काही तास कोमेजू दिला आणि सवय केली की मग खातात. टॅनिनचेही तेच. थोडे असले तर पोट फुगू देत नाही, प्रथिने कोठीतून सुरक्षित पुढे नेते. जास्त असले तर तीच प्रथिने अशी आवळून धरते की ती शेणातून जशीच्या तशी बाहेर पडतात. तेव्हा शहाणा गवळी एकाच पाल्याच्या भरीला पडत नाही. कडबा पोटासाठी, पाला जंतूंसाठी. सात टक्क्यांच्या खालची वैरण वर उचलायला सुबाभळीचा तिसरा हिस्सासुद्धा पुष्कळ होतो. तेवढा मिसळला की गाय कडबाही जास्त खाते आणि खाल्लेला पचवते. पेंडीचे पोते ज्याला परवडत नाही त्याच्या दोन शेळ्यांच्या दृष्टीने बांधावरची चार झाडे म्हणजे उन्हाळ्यात करडू जगणे किंवा न जगणे, एवढा फरक असतो.

घोडीची हकीकत अर्धवट राहिली. डॉक्टर गेल्यावर मामांनी तिला कडबा आणि भिजवलेले हरभरे सुरू केले. हरभरेही द्विदलच, पण निर्धोक. श्रावणात तिच्या मानेवर मऊ काळी लव दिसू लागली, असे मामींचे पत्र आले. दिवाळीला मी पुन्हा गेलो तेव्हा आयाळ बोटभर वाढली होती आणि ताठ उभी राहत होती. त्यामुळे घोडी जरा रागावल्यासारखी दिसे. मामा खरारा करताना पूर्वीपेक्षा हलका हात लावीत. मात्र बांधावरची एकही सुबाभूळ त्यांनी तोडली नाही. घोडीला दुसऱ्या पडवीत बांधून मधे कूड घातला, एवढेच.

मामा आता नाहीत, टांगाही नाही; त्याचे एक चाक अंगणातल्या तुळशीमागे टेकवून ठेवलेले आहे. बांधावर सुबाभळीची रांग अजून आहे. मामेभाऊ तिला माणसाच्या उंचीवर छाटून ठेवतो, आणि त्याच्याकडे बारा शेळ्या आणि दोन गाई आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी नातीला घेऊन गेलो होतो. ती सकाळीच पाल्याची डहाळी घेऊन गाईकडे धावली.

“थांब गं,” माझा मामेभाऊ गोठ्यातून ओरडला. “आधी धार काढू दे. धारेआधी पाला घातला तर दुधाला त्याचा वास येतो. आणि एवढीशी काय आणलीस? आणखी दोन आण, पण तिसरी आणलीस तर शेळ्यांना घाल.”

नातीने डहाळी पाठीमागे लपवली आणि गाईसमोर उकिडवी बसून धार संपायची वाट पाहू लागली.